मार्गासनीच्या माखिनबाईची हजेरी

संस्थानी अमलात भोरला मी कचेरीत कारकून होतो. फौजदारसाहेबांच्या खोलीला लागून माझी जागा. बाहेर शिपाई दंडुके घेऊन उभे असायचे, पण दंडुका काही माझ्या हातात कधी आला नाही. माझं काम प्रश्न विचारायचं. समोरचा माणूस सांगतो तोच आहे का, सांगतो त्याच गावचा आहे का, एवढंच शोधून काढायचं आणि खाली दोन शब्द लिहायचे : 'ओळख पटली', नाहीतर तीन शब्द : 'ओळख पटली नाही'. ह्या एका शब्दाच्या फरकावर माणसाचं काय काय होतं, हे मला नोकरी लागल्यावर बऱ्याच उशिरा कळलं.

हे काम माझ्याकडेच का आलं, ते सांगतो. आम्ही आतार. वडील तट्टावर गोणी टाकून कुंकू, बुक्का, सुया, दोरे, नाडे विकत गावोगाव हिंडायचे. नोकरी लागण्याआधी चार वर्षं मीही तोच धंदा केला. भोरपासून वेल्ह्यापर्यंत असं गाव नव्हतं, जिथल्या बायांनी आमच्याशी सुईच्या भावावरून हुज्जत घातली नाही. कुठल्या गावात पाणवठा कुठल्या अंगाला, कुणाचं कुत्रं चावरं, कुठल्या आळीत जावाजावांचं पटत नाही, सगळं पाठ. फौजदारसाहेबांना हे ठाऊक होतं. ते म्हणत, "आतार, तुम्ही म्हणजे माझा नकाशा."

लढाई सुरू झाली तेव्हा आम्हाला तिची झळ नव्हती. मग रंगूनवर बाँब पडले आणि ब्रह्मदेशातली आपली माणसं जंगलं, डोंगर तुडवत पायी परत यायला लागली. आमच्या मावळातली माणसं तिकडे कशी, असं पुष्कळांना वाटेल. मुंबईच्या गोदीत हमाली करणारा मावळा काही साधा नव्हता. कुणी खलाशी होऊन गेला, कुणी भाताच्या गिरणीत, कुणी लाकडाच्या वखारीत. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं पत्ता नाही, आणि एके दिवशी हाडांचा सापळा होऊन भोरच्या बाजारात उभा.

पहिल्यांदा काम सोपं होतं. माणूस यायचा, जबानी द्यायचा, पाटलाची चिठ्ठी आणायचा, घरी जायचा. वेल्ह्याजवळच्या एका वाडीचा गेनू असाच आला. मी त्याला नेहमीसारखा कडक आवाजात पहिला प्रश्न घातला, "गावच्या ओढ्याचं पाणी कधी आटतं?" तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "आतारभाऊ, तुमी माज्या आयला दिल्याली सुई पयल्याच टाक्याला मोडली. पंधरा वर्सं झाली. बदलून द्या आदी, मंग वढ्याचं बगू." शिपायासकट सगळे हसले. माझी ओळख पटली, त्याची पटवायची राहिलीच नाही. तो पुढे भोरातच भाताच्या गिरणीत कामाला लागला.

बेचाळीसचा पावसाळा आला आणि सगळं बदललं. देशात धरपकड सुरू झाली, तारा तुटायला लागल्या. शत्रूचे हेर पळून आलेल्यांच्या घोळक्यात मिसळून येतात, असं बोललं जाऊ लागलं. भाटघरच्या धरणावर पहारा बसला. इंग्रज सरकारकडून पत्र आलं आणि त्यामागून नवे नियम. पूर्वेकडून आलेल्या माणसाने चौकशी पुरी होईपर्यंत भोरच्या धर्मशाळेतच राहायचं. दोन जामीन हवेत, दोघेही संस्थानातले खातेदार, आणि त्यांनी त्या माणसाला तो जाण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. माणूस खोटा निघाला तर जामीनदाराला सक्तमजुरी. सोडलेल्या माणसावर नजर ठेवायची असेल तर त्याची ठरावीक दिवशी हजेरी घ्यायची. परदेशी माणसाची ओळख पटली नाही तर त्याची रवानगी दूरच्या छावणीत, लढाई संपेपर्यंत.

नियम वाचताना मला त्यात वावगं काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. कामाला वजन आलं होतं.

भातं निसवायला लागली होती त्या सुमाराला एका दुपारी पुण्याच्या सर्व्हिस मोटारीतून एक बाई उतरली. मदत समितीच्या माणसांनी दिलेलं लुगडं कसंतरी गुंडाळलेलं, चेहरा गोल, गालाची हाडं वर आलेली, काखेत दीड वर्षाचं पोर. पोराच्या गालाला चंदनासारखं काहीतरी फासलेलं. मोटारवाल्याने तिला सरळ कचेरीतच आणून सोडलं. "ही 'भोर, मार्गासनी' एवढंच म्हनती सारकी," तो म्हणाला आणि निघून गेला.

ब्रह्मी बाई. नाव माखिन. मी गिरणीतून गेनूला बोलावून आणलं, कारण तिची भाषा येणारा भोरात तो एकटा. त्याच्या तोंडून तिची जबानी झाली ती अशी : नवरा मार्गासनीचा कोंडिबा. रंगूनला लाकडाच्या वखारीत कामाला होता. बाँब पडल्यावर तिघं पायी निघाले. डोंगरात पटकीने कोंडिबा गेला. त्याला पुरलं, कारण जाळायला वाळकं लाकूड नव्हतं. जाण्याआधी त्याने तिच्याकडून भावाचं नाव आणि गावाची वाट घोकून घेतली. भाऊ बाबाजी. नसरापूर, तिथून वेल्ह्याची वाट, मग गाव, मारुतीच्या देवळामागं तिसरं घर.

ते सगळं तिने मला मराठीत म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही.

आणि तिथंच घोटाळा झाला. फौजदारसाहेब ऐकत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आतार, पाठ केलेलं वाटतं."

"पाठच केलंय साहेब. नवऱ्याने करून घेतलंय."

"नवऱ्याने की आणखी कुणी?"

माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या जागी बसलं की असंच सुचत असावं. खरा माणूस अडखळतो, विसरतो. शिकवलेला धडाधड म्हणतो, हे तर मीच त्यांना कधीतरी मोठ्या शहाणपणाने सांगितलं होतं.

मार्गासनीला शिपाई गेला आणि दोन दिवसांनी बाबाजी आला. चाळिशीचा, उन्हाने करपलेला, शिपायाने बोलावलं म्हणूनच अर्धा मेलेला. त्याला धर्मशाळेत बाईसमोर उभं केलं. मी जामिनाचा कागद वाचला. वाचायचा आवाज माझा मोठा होता आणि मला त्याचा अभिमान होता. 'सक्तमजुरी' हा शब्द मी नेहमी जरा थांबून म्हणायचो, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहावा.

"ह्या बाईला ओळखता का?" मी विचारलं.

"न्हाई," बाबाजी म्हणाला.

"कोंडिबा तुमचा भाऊ?"

"व्हय. धाकला. ल्हानपनी ममईला गेला, मंग तिकडं. लगीन केल्यालं आमाला ठावं न्हाई."

एवढ्यात ते पोर रांगत रांगत बाबाजीच्या पायापाशी गेलं आणि त्याच्या धोतराला धरून उभं राहू लागलं. माखिन तिथूनच ओरडली, अगदी मराठीत, "ए दोडक्याच्या देठा! हितं ये!"

शिपाई फिस्सकन हसला. मलाही हसू आलं. पण बाबाजी हसला नाही. त्याचा चेहरा एकदम पडला, जसा काही कुणी त्याला मागून हाक मारली. पोराकडे बघितलं, बाईकडे बघितलं, ओठ हलले.

"काय?" मी म्हणालो.

"काय न्हाई. म्या वळखत न्हाई हिला." आणि तो वळून भराभर पायऱ्या उतरला.

मी ते पाहिलं होतं. त्याने काहीतरी ओळखलंय, हे मला पक्कं कळलं होतं. पण चेहरा पडल्याची नोंद करायला कागदात रकाना नव्हता. मी टाक बुडवला आणि लिहिलं, 'ओळख पटली नाही'. अक्षर सुरेख आलं होतं.

माखिनला गेनूने सांगितलं. ती रडली नाही. तिने पोराला उचललं आणि विचारलं, तो पुन्हा कधी येणार? गेनू माझ्याकडे बघायला लागला. मी कागद घडी करत बसलो.

चार दिवसांत तिला छावणीत पोचवण्याचा हुकूम निघाला. त्यातला एक दिवस सुट्टीचा होता. बायकोने विचारलं, कुठं निघालात? मी म्हणालो, सुई बदलून द्यायची राहिलीय. तिला वाटलं मी थट्टा करतोय. सकाळच्या मोटारीने नसरापूरपर्यंत गेलो, तिथून पुढं चालत. बऱ्याच वर्षांनी त्या वाटेला पाय लागले होते. बांधाबांधावरून बाया ओळखीच्या हाका मारत होत्या आणि मला मान वर करवत नव्हती.

मारुतीच्या देवळामागं तिसरं घर. बाबाजी ओसरीत दोर वळत होता. मला बघून उठला आणि दाराच्या आत बघायला लागला.

"कचेरीचं काम नाही," मी म्हणालो. "एकटाच आलोय."

त्याची बायको साळूबाई बाहेर आली. तिने गुळाचा चहा केला. तो पिऊन मी भांडं खाली ठेवलं. मग मी विचारलं, "बाबाजी, दोडक्याचा देठ म्हणजे काय?"

त्याने दोर खाली ठेवला. "आमचा म्हातारा कोंडूला त्येच म्हनायचा. लई वाळका व्हता ना. दुसऱ्या कुनाला न्हाई म्हनायचा, मला बी न्हाई."

साळूबाई चमकली. "म्हंजी? ती बाई आसं म्हनली? तुमी मला सांगितलं, कुनीतरी भलतीच हाय म्हून!"

"आगं, कागदात काय हाय ठावं हाय का? खोटं निगालं तर खडी फोडाया जायचं. ह्येनीच वाचलं. तुरुंगात गेलो तर चार लेकरांना तू काय घालशील?"

"तुमाला वळख पटली का न्हाई, त्येवडं बोला."

बाबाजीने दोर पुन्हा हातात घेतला. "पटली," तो म्हणाला. "पोराचं कान बी कोंडूचंच हायती."

"मंग आनि काय ऱ्हायलं?"

"भ्या वाटलं, भाऊ," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुमी ज्या आवाजात वाचलं..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. मला ते पुरं ऐकल्यासारखंच झालं. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या प्रश्नांनी खोटी माणसं पकडली जातात. त्या ओसरीत मला पहिल्यांदा दिसलं, की त्या आवाजाने खरी माणसंसुद्धा खोटं बोलायला लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाजी, साळूबाई आणि शेजारचा म्हादबा असे तिघं भोरात हजर झाले. म्हादबा कोंडिबाच्या बरोबरीचा, दोघांनी गुरं एकत्र राखलेली. पण अडचण संपली नव्हती. जामीनदाराने माणसाला आधी डोळ्यांनी पाहिलेलं हवं, आणि माखिनला तर मावळात कुणीच पाहिलेलं नव्हतं. परमुलखात केलेल्या बायकोला हा नियम कधीच लागू होणार नव्हता. नियम करणाऱ्याच्या मनात ती बाई आलीच नव्हती.

रात्रभर मी तोच विचार केला होता. कारकुनाला नियम मोडता येत नाही, पण नियमाला कुठल्या दारातून आत घ्यायचं, हे त्याच्या हातात असतं. मी बाईचा कागद बाजूला ठेवला आणि पोराच्या नावाने नवा कागद केला. पोर कोंडिबाचं असेल तर ते संस्थानची रयत. रयतेच्या लेकराला छावणीत धाडता येत नाही. आणि दीड वर्षाचं पोर आईवाचून राहत नाही, ते काही नियमात लिहावं लागत नाही. जामीनदारांनी कोंडिबाला डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रश्न एवढाच उरला, की ही बाई कोंडिबाला खरंच ओळखत होती का.

फौजदारसाहेब स्वतः धर्मशाळेत आले. मी बाबाजीला म्हणालो, "तुमच्या भावाच्या अंगावर काही खूण होती का? मला सांगू नका, कानात साहेबांना सांगा." त्याने सांगितलं. मग मी गेनूला म्हटलं, बाईला विचार.

गेनूने विचारलं. माखिन पहिल्यांदा लाजली. मग साळूबाईकडे गेली, तिला पाठमोरी उभी केली आणि तिच्या डाव्या खांद्याच्या खाली, बरगडीवर, बोटाने आडवी रेघ ओढली. गेनूला काहीतरी बोलली.

"बैलाचं शिंग लागल्यालं म्हनती," गेनू म्हणाला. "पावसाळ्यात दुखायचं म्हनती. ती तेल लावायची."

म्हादबा पुढं झाला. "माजाच बैल व्हता त्यो," तो म्हणाला आणि उपरण्याने तोंड झाकून घेतलं.

साळूबाई तशीच पाठमोरी उभी होती. तिने मागं हात करून माखिनचा हात धरला आणि मग सोडला नाही.

फौजदारसाहेबांनी माझा कागद दोनदा वाचला. "आतार, अक्षर तुमचं आहे, डोकं मात्र वकिलाचं दिसतंय." आणि सही केली. सही करता करता त्यांनी खाली एक अट घातली : बाईने धरणाच्या बाजूला फिरकायचं नाही आणि दर बाजारच्या दिवशी हजेरी द्यायची. मी ती अट माझ्या सुरेख अक्षरात उतरवून घेतली. त्या वेळी मला ती फार किरकोळ वाटली. बाई छावणीत जात नव्हती, आणखी काय पाहिजे होतं?

मार्गासनीहून डोंगरावरून भोरला यायची जवळची वाट धरणाच्या अंगाने येते. ती बंद. मग नसरापूर, कापूरव्होळ असा मोठा फेरा. मोटारीचं भाडं परवडणारं नव्हतं. ती आदल्या दिवशी पायी निघायची, नसरापुरात देवळाच्या ओवरीत मुक्काम करायची, दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या पायरीवर येऊन बसायची. परत जायला तितकाच वेळ. सात दिवसांतले तीन दिवस वाटेत. पहिल्यांदा पोर काखेत, मग पाठीला बांधलेलं, मग बोटाला धरून. लावणीच्या दिवसांत ती यायची तेव्हा पोटऱ्यांवर चिखल वाळलेला असायचा. मी शाईची गादी पुढं करायचो, ती अंगठा उठवायची, मी तो जुन्या अंगठ्याशी ताडून 'तीच' असं लिहायचो. एकदा तिला ताप होता, हात थरथरला आणि अंगठा फिसकटला. मी दुसऱ्यांदा घेतला. तिने बिनबोभाट दिला.

अडीच वर्षांत तिची एकही हजेरी चुकली नाही. तोवर ती गावची भाषा बोलायला लागली होती, आणि लुगडंही साळूबाईसारखं घट्ट नेसायची. बाजारकरणी बाया तिला 'रंगूनवाली' म्हणून हाका मारून मिरच्यांचा भाव विचारायच्या.

लढाईचा रंग पालटला तेव्हा वरून पत्र आलं : ज्या बायाबापड्यांची हजेरी चोख आहे त्यांची नावं कमी करावीत. कमी करायच्या आधी जुने नियम एकदा काढून बघावेत म्हणून मी दप्तर सोडलं. आणि मूळ पत्रात, दुसऱ्या पानाच्या तळाशी, एक ओळ दिसली. हजेरी 'कचेरीत अथवा नजीकच्या चौकीत' घ्यावी.

नजीकची चौकी वेल्ह्याला होती. मार्गासनीहून सकाळी निघून, हजेरी देऊन, दुपारच्या भाकरीच्या वेळेला शेतावर परत येता आलं असतं.

ती ओळ मी बेचाळीसात, ते पत्र आलं त्याच दिवशी वाचली होती. नियमांची नक्कल माझ्याच हातची होती.

बाजारच्या दिवशी ती आली. पोरगं आता चार वर्षांचं, पायऱ्यांवर उड्या मारत होतं. मी शाईची गादी पुढं केली नाही.

"बाई, तुमचं नाव कमी झालं. आता यायला नको."

तिला पटकन कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ती हसली, पदर सावरून उठायला लागली. मला गप्प बसता आलं असतं. तिला कुणी सांगणार नव्हतं.

"जरा बसा," मी म्हणालो. "एक सांगायचंय. तुम्हाला इतक्या लांब यायची गरजच नव्हती. वेल्ह्याच्या चौकीत हजेरी चालली असती. कागदात होतं. माझ्या ध्यानात आलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर मला सोसलं असतं.

"येल्ह्याला?" तिने विचारलं. "आमच्या येल्ह्याला?"

"हो."

तिने खाली आपल्या पायांकडे बघितलं. टाचांना भेगा पडून त्यांत माती बसलेली होती.

"लई चालले म्या, आतारभाऊ," ती म्हणाली. एवढंच. मग पोराला हाक मारली आणि पायऱ्या उतरून गेली.

मी आत आलो. दप्तरात अजून चौदा माणसांची हजेरी चालू होती, सगळी पुरुषमाणसं. कुणी वेल्ह्याकडचा, कुणी त्याही पलीकडच्या खोऱ्यातला. त्यांची नावं कमी करायचा हुकूम नव्हता. मी कोरा कागद घेतला आणि त्या चौदा जणांच्या गावांपुढं जवळच्या चौकीचं नाव लिहायला लागलो. संध्याकाळी फौजदारसाहेबांनी विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "माखिनबाईनं."

त्यांनी सही केली.